इंग्लिशमधली गमतीदार स्लँग, शॉर्टफॉर्म आणि अर्ध्यावर सोडलेल्या म्हणी: गोव्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी म्हापशात संध्याकाळी स्पोकन इंग्लिश शिकवते. शिकायला येणारे बहुतेक कळंगुट, बागा, मोरजी, हरमल बाजूला शॅकवर नाहीतर गेस्ट हाउसवर काम करणारे, काही शिप्पी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, व्हायच्या तयारीत असलेले, आणि मधूनमधून त्यांचे आईबाबा पण येतात, पोरगी व्हॉट्सॲपवर काय लिहिते ते कळत नाही म्हणून. व्याकरणाबद्दल कमी विचारतात, हेच जास्त विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय.

प्र. बारावीला इंग्लिशमध्ये चांगले मार्क होते, मग ब्रिटिश गेस्ट बोलायला लागला की डोक्यावरून का जातं?

कारण तो तुमच्या पुस्तकातलं इंग्लिश बोलतच नाही, तो त्याच्या घरचं बोलतो. थँक यूच्या जागी सर्रास 'चीअर्स' म्हणतात, हातात ग्लास असो नसो, आणि 'टा' म्हटलं तरी ते थँक यूच. 'कपा' म्हणजे कपभर चहा, 'क्विड' म्हणजे पाउंड, पाच पाउंडांची नोट ती 'फायव्हर', दहाची ती 'टेनर'. 'नॅकर्ड' म्हणजे पार दमलोय, 'स्किंट' म्हणजे खिशात दमडी नाही, 'चफ्ड' म्हणजे जाम खूश, 'गटेड' म्हणजे खूप वाईट वाटलंय. 'डॉजी' म्हणजे भरवशाचं नाही, मग तो माणूस असो, रस्ता असो किंवा मासळी असो, त्यामुळे कोणी प्रॉन्सची प्लेट बाजूला सारून 'बिट डॉजी' म्हणाला तर हसून पुढे जाऊ नका, ती तक्रार आहे, प्लेट उचला आणि किचनला सांगा. आणि 'बॉब्स युअर अंकल' ऐकून कुठला काका असा विचार करत बसू नका, त्याचा अर्थ एवढाच की हे कर, ते कर, की झालं काम.

प्र. 'यू ऑलराइट?' असं रोज सकाळी विचारतात, मी आजारी दिसतो का?

नाही हो. आपण 'कितें, बरें मू?' म्हणतो ना जाता जाता, तेवढंच आहे ते. 'यॅ, यू?' म्हटलं की पुरे, काल झोप नाही लागली वगैरे सांगायची गरज नाही. फक्त एक लक्षात ठेवा, ब्रिटनमध्ये दुकानात किंवा बारमध्ये काउंटरमागचा माणूस हेच वाक्य 'बोला, काय देऊ?' अशा अर्थाने पण म्हणतो.

प्र. एकच शब्द, पण ब्रिटिश, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन माणसाला वेगवेगळा लागतो असं खरंच होतं का?

होतं, आणि नेमकं आपल्या धंद्यात जास्त होतं. लाँड्रीची यादी करताना 'पँट्स' लिहिलंत तर अमेरिकन माणूस फुलपँट देईल, ब्रिटिश माणूस म्हणेल आतले कपडे कशाला मागताय. ब्रिटिश 'चिप्स' मागतो तेव्हा त्याला फ्रेंच फ्राइज हवे असतात, पाकिटातल्या वेफरला तो 'क्रिस्प्स' म्हणतो. 'पिस्ड' म्हणजे ब्रिटनमध्ये दारू चढलेला आणि अमेरिकेत चिडलेला, रिसेप्शनवर हा फरक महत्त्वाचा आहे कारण दोन्ही गेस्टना वेगळ्या पद्धतीने सांभाळायचं असतं (शब्द तुम्ही स्वतः वापरू नका, दोन्हीकडे असभ्यच आहे). आणि ऑस्ट्रेलियन बाई बीचवर 'माय थाँग्स' शोधतेय म्हणाली तर लाजून पळू नका, ती चप्पल शोधतेय.

ऑस्ट्रेलियन लोकांना तर शब्द कापायचा छंदच आहे. दुपार म्हणजे 'आर्व्हो', नाश्ता 'ब्रेकी', डास 'मॉझी', पेट्रोल पंप 'सर्व्हो', गॉगल 'सनीज'. पद्धत साधी आहे, शब्दाची शेपटी उडवायची आणि ओ नाहीतर ई लावायची. एकदा हे कळलं की पुढचे शब्द तुमचे तुम्हालाच लागायला लागतात.

प्र. एक म्हातारे गेस्ट जिन्याला 'ॲपल्स अँड पेअर्स' म्हणाले, ही काय भानगड?

ही लंडनच्या पूर्व भागातली राइमिंग स्लँग, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेली, आणि मला स्वतःला इंग्लिशमधली सगळ्यात आवडती. जिना म्हणजे 'स्टेअर्स', त्याला यमक जुळतं 'पेअर्स', म्हणून जिना झाला 'ॲपल्स अँड पेअर्स'. इथपर्यंत सोपं. खरी मजा पुढे आहे, कारण रोजच्या बोलण्यात अनेकदा यमकाचाच शब्द गाळून टाकतात आणि मग बाहेरच्याला काही पत्ताच लागत नाही. 'हेड'ला यमक 'लोफ ऑफ ब्रेड', त्यातलं ब्रेड उडालं, उरलं 'यूज युअर लोफ', म्हणजे जरा डोकं वापर. 'लुक'ला 'बुचर्स हुक', त्यातून 'हॅव अ बुचर्स', म्हणजे एक नजर टाक. 'लाइज'ला 'पोर्क पाइज', त्यावरून खोटं बोलणं म्हणजे 'टेलिंग पोर्कीज'. फोन म्हणजे 'डॉग अँड बोन', बायको म्हणजे 'ट्रबल अँड स्ट्राइफ' (हे नवरेच म्हणतात, तुम्ही गेस्टच्या बायकोबद्दल म्हणू नका).

आपण लहानपणी 'च'ची भाषा बोलायचो, मोठ्यांना कळू नये म्हणून, त्यातला आनंद आणि यातला आनंद एकाच घरातला. आपल्या माणसाला कळावं आणि बाकीच्यांना कळू नये. त्यामुळे कोणी तुम्हाला असा शब्द समजावून सांगायला लागला तर घाईत असलात तरी दोन मिनिटं थांबा, तो तुम्हाला आपल्यात घेतोय.

प्र. गेस्ट 'वेल, वेन इन रोम...' म्हणतो आणि गप्प बसतो. पुढचं वाक्य कुठे गेलं?

पुढचं तुम्हाला माहीत आहे असं तो धरून चालतो. पूर्ण म्हण अशी की रोममध्ये असाल तर रोमन लोक करतात तसं करा. पहिल्यांदा फेणीचा ग्लास हातात घेतलेला माणूस वास घेतो, तोंड जरा वाकडं करतो आणि 'वेन इन रोम' म्हणून घोट मारतो, म्हणजे आलोय गोव्यात तर घेऊन बघू.

हे समजायला आपल्याला खरं तर जड जायला नको, कारण आपण दिवसभर हेच करतो. 'नाचता येईना' एवढं म्हटलं की अंगण आपोआप वाकडं होतं, 'आधीच उल्हास' म्हटलं की फाल्गुन मास कोणी बोलत बसत नाही, 'बैल गेला' म्हणून नुसती मान हलवली तरी झोपा कुणी केला ते घरातल्या सगळ्यांना कळतं. अर्धी म्हण जास्त जोरात लागते कारण उरलेली अर्धी ऐकणाऱ्याच्या डोक्यात वाजते.

आता इंग्लिशमधल्या ज्या अर्ध्या इथे सारख्या कानावर येतात त्या सांगते. 'टू मेनी कुक्स', पुढे 'स्पॉइल द ब्रॉथ', चार जणांनी ढवळलं की सार बिघडतं, हे शॅकच्या किचनमध्ये पाच जण एकाच ऑर्डरवर बोलायला लागले की हमखास. 'वेन द कॅट्स अवे', पुढे उंदीर खेळतात, म्हणजे मालक पणजीला गेला आणि स्टाफ कॅरम खेळत बसला. 'स्पीक ऑफ द डेव्हिल' हे ज्याच्याबद्दल बोलत होतो तोच दारात उभा राहिला की, आपल्याकडे शंभर वर्षं आयुष्य देतात, त्यांच्याकडे सैतान म्हणतात, पण हेतू प्रेमाचाच असतो. 'ग्रेट माइंड्स', पुढे 'थिंक अलाइक', म्हणजे दोघांना एकच गोष्ट सुचली, आणि त्यावर समोरचा चेष्टेत 'फूल्स सेल्डम डिफर' म्हणाला, म्हणजे मूर्खांचंही सहसा एकमत होतं, तर रागावू नका, ते ठरलेलं उत्तर आहे. 'इफ द कॅप फिट्स' मात्र टोमणा आहे, टोपी डोक्यात बसत असेल तर घाल बाबा, म्हणजे लागत असेल तर तुलाच म्हटलंय.

उत्तर काय द्यायचं असं विचारतात. हसलात तरी चालतं. पण उरलेली अर्धी तुम्ही पूर्ण केलीत तर गेस्टचा चेहरा बघा कसा खुलतो.

प्र. 'कस्टमर इज ऑलवेज राइट' ही म्हण अर्धी आहे, खरी म्हण 'आवडीनिवडीच्या बाबतीत ग्राहक बरोबर' अशी आहे, असा फॉरवर्ड आलाय. खरं का?

खोटं. हे वाक्य विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या जगातलं, १९०५ च्या सुमारास शिकागोच्या मार्शल फील्ड या व्यापाऱ्याच्या संदर्भात ते छापून आलेलं सापडतं, आणि तेव्हा त्याचा अर्थ सरळ होता, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून घ्या. आवडीनिवडीची शेपटी नंतर कोणीतरी जोडली. 'क्युरिऑसिटी किल्ड द कॅट'चं पण तेच, मूळ म्हणीत तर क्युरिऑसिटी नव्हतीच, 'केअर' होतं, म्हणजे चिंतेने मांजर मेलं, आणि 'सॅटिस्फॅक्शन ब्रॉट इट बॅक' हा मांजर परत जिवंत करणारा दुसरा भाग फार उशिरा चिकटला. मला हे फॉरवर्ड बघून वाईट वाटतं कारण पोरं ते इंटरव्ह्यूमध्ये सांगतात. अर्धी म्हण पूर्ण करा, पण जी खरोखर अर्धी आहे तीच.

प्र. मग 'टिप' म्हणजे 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस' हे तरी खरं ना? आमच्या मॅनेजरने सांगितलंय.

हे पण नाही. 'टिप' हा सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या चोराचिलटांच्या बोलीतला शब्द, अर्थ देणे, हातावर ठेवणे. त्यातूनच वेटरची टिप आली. अक्षरांचा अर्थ मागाहून बसवलेला आहे.

'पॉश'ची गोष्ट तर आपल्या बाजूची, म्हणून जास्त पसरलीय. म्हणे इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ या कंपनीच्या बोटीवर श्रीमंत लोक भारतात येताना डाव्या बाजूची आणि इंग्लंडला परत जाताना उजव्या बाजूची केबिन घ्यायचे, ऊन लागू नये म्हणून, आणि तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची आद्याक्षरं छापायचे. गोष्ट सुंदर आहे पण असं एकही तिकीट आजपर्यंत मिळालेलं नाही आणि शब्दकोशवाले ही व्युत्पत्ती मानत नाहीत. 'एसओएस' पण 'सेव्ह अवर सोल्स' नव्हे, शिप्पी पोरांनी हे नीट लक्षात ठेवा, १९०६ च्या बर्लिनच्या परिषदेत तो संकेत ठरला तो तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं अशी खूण गोंगाटातही चुकत नाही म्हणून.

ओळखायची एक सोपी युक्ती: आद्याक्षरं जोडून शब्दासारखी उच्चारायची फॅशन मुख्यतः विसाव्या शतकातली, त्यामुळे त्याआधीच्या जुन्या शब्दाची कोणी अशी फोड सांगितली की शंका घ्या.

प्र. ओके हा शब्द पण तसाच का?

ओके मात्र खरंच शॉर्टफॉर्म आहे, आणि तोही मस्करीतला! १८३०च्या दशकात बॉस्टनच्या पेपरवाल्यांमध्ये मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं वापरायचं खूळ आलं होतं. 'ऑल करेक्ट'चं त्यांनी 'ओल कोरेक्ट' केलं आणि २३ मार्च १८३९ च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये ओके छापलं. 'ऑल राइट'मधल्या राइटला पुढे डब्ल्यू लावून 'ओल राइट' केलं आणि ओडब्ल्यू पण काढलं होतं, ते मेलं. ओके वाचलं कारण १८४० च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांचं टोपणनाव 'ओल्ड किंडरहुक' होतं, त्यांच्या गावावरून, आणि समर्थकांनी ओके क्लब काढले. निवडणूक ते हरले, पण शब्द जगभर गेला. हे सगळं शोधून काढलं ॲलन वॉकर रीड या अमेरिकन अभ्यासकाने, १९६०च्या दशकात. म्हणजे आपण पायलटला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला, बाइकवर बसताना 'ओके, चल' म्हणतो तो जवळजवळ दोनशे वर्षं जुना विनोद आहे.

प्र. ओएमजी, एलओएल वगैरे मोबाइलमुळे आलं आणि मुलांची भाषा बिघडली असं माझ्या सासऱ्यांचं म्हणणं आहे.

सासऱ्यांना सांगा की ओएमजी ९ सप्टेंबर १९१७ च्या एका पत्रात आहे. ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल लॉर्ड फिशर यांनी ते चर्चिलना लिहिलं होतं, वय होतं शहात्तर, आणि पुढे अर्थ पण लिहिला होता, 'ओ माय गॉड'. नव्या सरदारकीच्या पदव्या निघताहेत हे ऐकून त्यांना तसं वाटलं होतं. एलओएल, म्हणजे 'लाफिंग आउट लाउड', मोठ्याने हसणं, हे १९८०च्या दशकातलं, कॉम्प्युटरवर एकमेकांना निरोप टाइप करणाऱ्या लोकांचं. दोन्ही २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात गेले.

एलओएलचा एक धोका मात्र खरा आहे. जुने लोक त्याचा अर्थ 'लॉट्स ऑफ लव्ह' घेतात. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन पण तेच समजून मेसेजखाली एलओएल लिहायचे, हे २०१२ मध्ये तिथल्या एका चौकशीत साक्षीत बाहेर आलं. दुखवट्याच्या मेसेजखाली ते लिहिलं तर काय होईल ते सांगायला नको.

आणि भाषा बिघडली म्हणणाऱ्यांनी जुनी पत्रं काढून बघावीत. सा. न. वि. वि., ति. बाबांस, चि. बाळास, रा. रा., शेवटी क. लो. अ., आणि राहिलं म्हणून ता. क. माझ्या आजीच्या ट्रंकेत अशी पत्रं आहेत, पोस्टकार्डावर जागा कमी असायची आणि सांगायचं खूप असायचं. मोबाइलवर पण अगदी तेच झालं. एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावायची, पण देवनागरीत लिहिलं की फक्त ७०, आणि काना मात्रा वेलांटी वेगळी मोजली जायची, म्हणून आपली एक अख्खी पिढी रोमन लिपीत मराठी आणि कोकणी लिहायला लागली. जागा आणि पैसे वाचवायचे होते, दुसरं काही नाही.

प्र. कामाच्या मेसेजमध्ये एएसएपी ('ॲज सून ॲज पॉसिबल', लवकरात लवकर) लिहिलं तर चालतं का?

सहकाऱ्याला चालतं, गेस्टला नको. हा सैन्यातून आलेला शॉर्टफॉर्म आहे, ऐकायला हुकूम वाटतो. गेस्टला पासपोर्टची कॉपी हवी असेल तर 'जमेल तेव्हा आज पाठवाल का' असं पूर्ण वाक्य लिहा. एफवायआय ('फॉर युअर इन्फर्मेशन') पण जपून, वरच्याने लिहिलं तर माहितीसाठी, खालच्याने लिहिलं तर टोमणा वाटू शकतो. 'स्नॅफू' ऐकू आलं तर तो दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांचा शब्द, परिस्थिती नेहमीसारखीच, म्हणजे सगळा घोळ, आणि त्याची सभ्य फोड आणि असभ्य फोड दोन्ही आहेत, म्हणून तुम्ही फक्त समजून घ्या.

प्र. आताच्या मुलांचे रिझ, नो कॅप, गोट, सिक हे शब्द शिकायला हवेत का?

समजायला हवेत. 'रिझ' म्हणजे करिश्मा, त्या इंग्लिश शब्दाच्या मधला तुकडा, २०२३ चा ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द. 'नो कॅप' म्हणजे खोटं नाही, 'गोट' म्हणजे आजवरचा सगळ्यात भारी. 'दिस करी इज सिक' ऐकून घाबरू नका, कौतुक आहे, आणि 'आय ॲम डेड' म्हणजे हसून मेलो. यातले बरेच शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या बोलीतून आलेत, इंटरनेटवरून जगभर पसरताना ते श्रेय मागे राहिलं, ते मला खटकतं म्हणून मी वर्गात दरवेळी सांगते. वापरायची घाई करू नका, पंचवीस वर्षांच्या गेस्टने म्हटलं म्हणून त्याच्या वडिलांना तुम्ही तसं म्हणू नका. ऐका खूप, बोला थोडं.

प्र. आपलं इंडियन इंग्लिश त्यांना हसू येण्यासारखं आहे का?

अजिबात नाही! 'प्रीपोन' आणि 'टाइमपास' ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहेत. आपल्याकडचं 'व्हॉट मेन' तर ऐकायला किती गोड आहे. फक्त 'आय पास्ड आउट इन २०१९' म्हणू नका, बाहेरच्या माणसाला वाटेल तुम्ही बेशुद्ध पडलात, 'ग्रॅज्युएटेड' म्हणा.

प्र. ब्रिटिश बाई मेसेजच्या शेवटी एक्स लिहिते, त्याचा काय अर्थ घ्यायचा?

एक्स म्हणजे किस, पापी, पण त्यात काही नसतं. ब्रिटनमध्ये आईला, मैत्रिणीला, शेजारणीला, कधी प्लंबरला पण सवयीने एक्स जातो. एक असो की तीन, पुढे जाऊन काही अर्थ काढू नका आणि उलट एक्स पाठवू नका, 'चीअर्स, सी यू टुमॉरो' लिहा आणि त्यांची टॅक्सी वेळेवर बुक करा.